विश्लेषण : कर्करोगाचे उपचार मोफत, पण सोबतीचे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील कर्करुग्णाला शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन आता सरकारी योजनेतून मिळू शकते. तरीही उपचार मध्येच सुटण्याची भीती कायम असते आणि तिचे कारण बहुतेक वेळा औषधात नसते. सोबत कोण येणार, मुक्काम कुठे करायचा, शेत कोण पाहणार, घर कशावर चालणार, या प्रश्नांवर रुग्ण अडतो. या प्रश्नांची उत्तरे जिल्ह्यात कशी शोधता येतील?

अडचण नेमकी कुठे आहे?

कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘खर्च किती?’ महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर गेल्या दशकात बरेच बदलले. दुसरा प्रश्न मात्र जुनाच आहे : ‘सोबत कोण?’

समजा, झरी जामणी तालुक्यातील पन्नाशीच्या एका शेतमजुराच्या तोंडात जखम झाली आहे. वीस-पंचवीस वर्षे खर्रा खाल्ल्याने तोंड पुरते उघडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून तो ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. तुकडा तपासायला पाठवला जातो. अहवाल येईपर्यंत आणखी एक-दोन खेपा होतात. कर्करोग नक्की झाला की नागपूर किंवा सावंगी मेघे गाठायचे. तिथे पुन्हा तपासण्या, शस्त्रक्रियेची तारीख आणि नंतर रेडिएशन. प्रत्येक खेपेला त्याच्यासोबत एक माणूस लागतो आणि त्या माणसाची मजुरी बुडते. बायको गेली तर घर आणि शेळ्या कोण पाहणार? मुलगा गेला तर त्याचे काम सुटते. भाऊ दोन वेळा येतो, तिसऱ्या वेळी त्याचीही कापूस वेचणी सुरू झालेली असते.

या माणसाचे शस्त्रक्रियेचे बिल कदाचित शून्य येईल. पण उपचार पूर्ण होतील की नाही, हे त्या बिलावर ठरणार नाही.

उपचाराचा प्रवास किती लांबचा?

यवतमाळ हा १६ तालुक्यांचा, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. कर्करोगाच्या पूर्ण उपचारासाठी इथल्या रुग्णाला सहसा जिल्ह्याबाहेर जावे लागते. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, वर्धा जिल्ह्यातील सावंगी मेघे आणि सेवाग्राम ही जवळची ठिकाणे. उमरखेड, महागावचे लोक नांदेडकडे वळतात. गुंतागुंतीचा आजार असेल तर मुंबईचे टाटा रुग्णालय.

नुसते ‘नागपूरला जाऊन यायचे’ असे म्हटले की काम सोपे वाटते. उपचाराचे वेळापत्रक पाहिले की त्याचा भार कळतो. केमो बहुतेक वेळा दर तीन आठवड्यांनी आणि अनेक फेऱ्यांत दिली जाते. मध्ये रक्ताच्या तपासण्या असतात. पेशी कमी झाल्या तर आलेल्या रुग्णाला तसेच परत पाठवावे लागते. गावाकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात त्या रेडिएशनचे वेळापत्रक आणखी कडक. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात तो आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा ते सात आठवडे चालतो, म्हणजे ३० ते ३५ वेळा. एका वेळेचे काम काही मिनिटांचे, पण त्यासाठी दीड महिना शहरात राहणे भाग. मध्ये खंड पडला तर उपचाराचा परिणाम कमी होतो, म्हणून डॉक्टर सुट्टी देत नाहीत. दिवाळी असो, सोयाबीनची काढणी असो की घरातले लग्न.

रेल्वेत कर्करुग्णांना चांगली सवलत आहे. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. पण वणीसारखा अपवाद सोडला तर जिल्ह्याचा मोठा भाग अजून रेल्वेपासून दूरच आहे. ‘शकुंतला’ बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या वर्धा ते कळंब टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. मुंबईला निघालेल्या रुग्णाला आधी एस.टी.ने धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठावे लागते. एस.टी.मध्येही कर्करुग्णांना सवलत आहे, शिवाय मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. सोबतीला पुरुष असेल तर त्याचे तिकीट मात्र पूर्ण.

सरकारी योजनेत काय मिळते, काय सुटते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पसरली. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला. त्यांत यवतमाळ आहे. २०२३ मध्ये सरकारने दर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा आणि राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिच्यात आहेत. अंगीकृत रुग्णालयात कागदपत्रांसाठी ‘आरोग्यमित्र’ असतो. दाखल रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही पॅकेजमध्ये धरलेले आहे.

याशिवाय धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत होते. उपचाराच्या बिलापुरते पाहिले तर ही व्यवस्था लहान नाही.

सुटते ते बिलाच्या बाहेरचे. निदान पक्के होईपर्यंतच्या अनेक तपासण्या खिशातून कराव्या लागतात. सोबत्याचे जेवण, दीड महिन्याची खोली, बुडालेली मजुरी, शस्त्रक्रियेनंतर नळीतून द्यायचा आहार, ड्रेसिंगचे सामान, दुखणे कमी करणारी औषधे, यांचा हिशेब कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. यासाठीच शेळी विकली जाते, दागिना गहाण पडतो, सावकाराकडे जावे लागते. कर्जाचा इतिहास असलेल्या जिल्ह्यात या खर्चाकडे किरकोळ म्हणून पाहणे महागात पडते.

माहितीचा प्रश्न वेगळाच. आरोग्य योजना एका कक्षात, रेल्वेचे प्रमाणपत्र दुसऱ्या खिडकीवर, निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये, धर्मादाय खाटेची चौकशी तिसऱ्या ठिकाणी. कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरातील माणूस या खिडक्यांपुढे आणखी बुजतो. हक्काची मदत असूनही ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

२१ हजारांची अट काय सांगते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारांनी स्वतःचे पोट भरू न शकणारे रुग्णही येतात, हे अनेक रुग्णांना ठाऊकच नसते. वय ६५ पेक्षा कमी हवे, राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य हवे, सरकारी डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे. अर्ज तहसील कार्यालयात होतो. २०२३ मध्ये अनुदान एक हजारावरून दीड हजार रुपये महिना झाले.

अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने घरातील एका माणसाने वर्षात ७१ दिवस काम केले तरी कुटुंब अटीच्या बाहेर जाते. म्हणजे घरात कोणी वर्षातून अडीच महिने हमीचे काम केले, तर ते घर सरकारच्या लेखी निराधार राहत नाही, मग अंथरुणावर कर्करुग्ण असला तरी. अशा अटीमुळे दोनच वाटा उरतात : खोटा दाखला मिळवणे किंवा अर्जच न करणे. दोन्हींत रुग्णाची मान खाली जाते.

हरियाणात तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यातील कर्करुग्णांना दरमहा पेन्शन दिली जाते. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. दुसरी तुलना आपल्याच आरोग्य खात्यातली. क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला एक हजार रुपये झाली. त्याला शिधा पुरवणारे ‘निक्षय मित्र’ २०२२ पासून आहेत. क्षयरोग्याला औषधाबरोबर अन्न आणि माणूस लागतो, हे देशाने मान्य केले. कर्करुग्णाबाबत ते मान्य करायला अडचण काय?

एक तरतूद मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वरयंत्र काढल्यामुळे आलेले कायमचे वाचादोष दिव्यांगत्वात धरले आहेत. अशा रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचे लाभ मागता येतात. ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीवरही त्याचा हक्क पोहोचतो.

प्रौढ रुग्णाचा प्रश्न वेगळा का?

मुलाला कर्करोग झाला की आई-वडील सर्वस्व पणाला लावतात आणि समाजही हळवा होतो. लहान रुग्णांच्या कुटुंबांना मोफत निवास देणाऱ्या सेंट ज्यूडसारख्या संस्था २००६ पासून मुंबईत काम करत आहेत. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत उलटे घडते. ज्याच्या आधारावर घर उभे असते तोच आजारी पडतो. त्याच्या आजारात कमाई थांबते, पीककर्जाचा हप्ता चुकतो, मुलीचे शिक्षण किंवा लग्न पुढे ढकलले जाते. ‘माझ्यावर खर्च करून काय उपयोग?’ असे तोच म्हणू लागतो आणि हा विचार समजूतदारपणाचा मानला जातो.

बाईच्या आजाराला आणखी एक पदर आहे. स्तनातील गाठ किंवा अंगावरून जाणारे पाणी ती महिनोन् महिने सांगत नाही. सांगितले तरी घरात पुरुष आजारी पडल्यावर जी धावपळ होते, ती तिच्यासाठी होईलच असे नाही. नवऱ्याच्या उशाशी बायको बसते, हे गृहीत असते. बायकोच्या उशाशी कोण बसणार, हे मात्र विचारावे लागते. बहुतेक वेळा तिची आई किंवा बहीण येते, नाहीतर शाळा सोडून मुलगी.

पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे दुःख चेहऱ्यावर दिसणारे असते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो. शस्त्रक्रियेत जबड्याचा किंवा जिभेचा भाग गेला की बोलणे अस्पष्ट होते, लाळ गळते, भाकरी खाता येत नाही. असा माणूस पंगतीला बसायचे टाळतो, मग लग्नाला जायचे टाळतो, मग पारावरही येत नाही. त्यातच ‘खर्रा खाल्ला, भोगा आता’ हा शेरा. व्यसनाचा दोष त्याच्या एकट्याचा नसतो. त्याला पहिला खर्रा कामाच्या बांधावर कोणीतरी आपुलकीनेच दिलेला असतो.

न बोलण्याची किंमत काय?

अनेक घरांत कर्करोग हा शब्द उच्चारला जात नाही. ‘मोठा आजार’, ‘ती गाठ’ असे म्हटले जाते. नातलग डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, ‘पेशंटला सांगू नका, तो खचेल.’ हेतू मायेचा असतो. पण केस गळू लागले, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण बोलला किंवा वार्डाचे नाव वाचले की रुग्णाला कळतेच. मग घरचे त्याच्यापासून लपवतात आणि तो घरच्यांपासून. दोघेही एकटे पडतात. जमिनीची वाटणी, मुलांचे पुढचे, कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते नाहीत, हे बोलायचे राहून जाते.

सगळे एकाच दिवशी सांगायलाच हवे असेही नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारावे, तेवढे खरे सांगावे आणि पुढच्या प्रश्नाला दार उघडे ठेवावे, अशी पद्धत प्रशिक्षित समुपदेशक वापरतात.

दुसरी किंमत गैरसमजाची. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने पसरत नाही. तरीही ताट-तांब्या वेगळा केला जातो. घरात कर्करोग निघाला म्हणून मुलीच्या सोयरिकीत अडचण नको, या भीतीने निदान लपवले जाते आणि लपवण्यात उपचाराचे दिवस जातात.

सोबतीने आजारात फरक पडतो का?

याचे उत्तर जपून द्यायला हवे. १९८९ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला एकत्र बसून बोलणाऱ्या गटातील महिला अधिक जगल्या, असे त्यात दिसले. जगभर त्याची चर्चा झाली. पण २००१ मध्ये कॅनडातील २३५ महिलांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनावरचा ताण आणि वेदना मात्र कमी झाल्या. म्हणजे ‘मन खंबीर ठेवले की कर्करोग पळतो’ हे म्हणणे खरे नाही आणि ते रुग्णावर अन्याय करणारे आहे. आजार वाढला तर ‘आपणच खचलो’ असा दोष तो स्वतःला देतो.

आधाराचा परिणाम दुसऱ्या वाटेने होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील सात लाखांहून अधिक कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. विवाहित रुग्णांचे निदान तुलनेने लवकर झाले होते, त्यांनी पूर्ण उपचार घेण्याचे प्रमाण जास्त होते आणि मृत्यूचे प्रमाण कमी. ‘दाखवून ये’ म्हणणारे, तारीख लक्षात ठेवणारे, सोबत जाणारे माणूस घरात असणे, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. २०१० मध्ये बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. उपचाराच्या सुरुवातीपासूनच वेदनाशमन आणि आधारसेवा मिळालेल्या रुग्णांत नैराश्य कमी आढळले. त्यांचे मध्यमान आयुष्य ११.६ महिने होते, इतरांचे ८.९ महिने.

थोडक्यात, सोबत हे औषध नाही. पण औषध वेळेवर, पुरते आणि सोसवेल असे मिळण्यासाठी ती लागते.

अशी व्यवस्था कुठे उभी राहिली आहे?

केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. पुढे ते काम गावागावांतील स्वयंसेवकांनी हाती घेतले. शिक्षक, दुकानदार, गृहिणी आठवड्यातले काही तास रुग्णांच्या घरी जाऊ लागले. २००८ मध्ये राज्याने धोरण केले आणि ग्रामपंचायती घरपोच सेवा देणाऱ्या परिचारिकांचा खर्च उचलू लागल्या. रुग्णाची जबाबदारी पंचायतीची आहे, हे तिथे रुजले.

आपल्या शेजारीही उदाहरण आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने चार दशकांहून अधिक काळापूर्वी, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा सुरू केला. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्या बदल्यात गावाला आरोग्यसेवेचे संरक्षण. अधिक असणाऱ्याने अधिक द्यायचे, आजारी पडेल त्याला मिळायचे. विदर्भातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागले नाही. इर्जिक करून एकमेकांची शेते उरकणाऱ्या गावांचा हिशेब हाच होता.

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी वर्षानुवर्षे छप्पर दिले. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने मुंबईत विदर्भाच्या रुग्णालाही जागा मिळते. नागपूर आणि सावंगीला मात्र दीड महिन्याच्या मुक्कामासाठी यवतमाळच्या माणसाने कुठे राहायचे, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा असतो.

यवतमाळमध्ये काय करता येईल?

सगळे नव्याने उभारावे लागणार नाही. २०१५ मध्ये राज्याने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुरू केले. गावपातळीवरच्या समित्यांनी अडचणीतले कुटुंब ओळखायचे, ही त्यामागची कल्पना होती. त्याच सुमारास १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे टिपली. खचलेला माणूस दारात जाऊन शोधायचा, हे या जिल्ह्याने केलेले आहे. तीच साखळी कर्करुग्णाच्या घरापर्यंत नेता येईल.

पहिले काम, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कर्करुग्णांसाठी एकच मदत कक्ष. निदान झाले त्याच दिवशी समाजसेवा अधीक्षक आणि आरोग्यमित्र यांनी रुग्णाची फाइल तयार करावी, पुढचे रुग्णालय ठरवून द्यावे, निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यावा, रेल्वे आणि एस.टी.च्या सवलतीची माहिती लेखी द्यावी. रुग्ण नागपूरला पोहोचेल तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागू नये.

दुसरे, निराधार योजनेतील २१ हजारांची अट कर्करुग्णांसाठी शिथिल करावी आणि अर्जाचा निकाल ठरावीक दिवसांत द्यावा. उपचार संपल्यावर सुरू होणारे अनुदान उपचाराच्या उपयोगाचे नाही. हा निर्णय मुंबईत व्हायचा आहे. जिल्ह्यातील आमदारांनी तो लावून धरायला हवा.

तिसरे, केमो जिल्ह्यातच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्करोग उपचारांची त्रिस्तरीय रचना मंजूर केली. यवतमाळमध्ये ठरलेली केमो मिळू लागली तर उमरखेड किंवा आर्णीच्या रुग्णाचा एकेक मुक्काम वाचेल. पुसद आणि वणीलाही याचा विचार व्हावा.

चौथे, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा धर्मादाय संस्थांच्या मदतीने नागपूर आणि सावंगी येथे यवतमाळच्या रुग्णांसाठी साधी निवासव्यवस्था. स्वयंपाकाची जागा, गॅस आणि झोपायला कोरडी खोली एवढे पुरे.

पाचवे, आशा कार्यकर्तीला कर्करुग्णाच्या पाठपुराव्याचे काम द्यायचे तर त्याचा वेगळा आणि पुरेसा मोबदला हवा. तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचे काम आधीच तिच्या साखळीतून चालते. शोधून काढलेल्या रुग्णाला पुढे कोणी हात दिला नाही, तर पुढच्या वेळी लोक तिच्यापुढे तोंड उघडणार नाहीत.

गावाने, नातलगांनी काय करावे?

‘काही लागले तर सांगा’ असे सगळेच म्हणतात आणि रुग्ण कधी सांगत नाही. त्यापेक्षा ‘मंगळवारी तुमच्यासोबत नागपूरला मी येतो’, ‘या आठवड्याचा डबा आमच्याकडून’, ‘तुमच्या दोन एकरांची फवारणी आम्ही उरकतो’ असे नेमके काम अंगावर घ्यावे. बचत गटातील दहा बायकांनी पाळी लावून दीड महिना वाटून घेतला, तर एकीच्या वाट्याला चार-पाच दिवस येतात. तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्यासाठी पंगतीत आंबील किंवा पातळ वरणाची वाटी आधीच ठेवली, तर तो पंगतीला येईल. भेटायला जाताना दुसऱ्या कोणाच्या मृत्यूची गोष्ट आणि जडीबुटीचा पत्ता दोन्ही घरी ठेवावेत. सांभाळणाऱ्या बाईला दुपारभर झोपू देणे हीदेखील मदतच.

बरे झालेल्यांचाही वाटा आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा जुने आणि नवे रुग्ण एकत्र बसले, तर केस पुन्हा येतात, तोंडाची आग कमी होते, अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे ज्याने सोसले त्याच्या तोंडून कळते. मन फारच खचले असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते. आरोग्य योजनेच्या चौकशीसाठी १५५३८८ आणि आयुष्मान योजनेसाठी १४५५५.

देशात दरवर्षी १४ लाखांहून अधिक लोकांना कर्करोगाचे निदान होते. यवतमाळच्या वाट्याला येणारा प्रत्येक रुग्ण कोणत्या तरी गावचा आहे, कोणत्या तरी आशाताईच्या यादीतला आहे. त्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार देते, हे मोठे पाऊल आहे. आता पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारला जावा : आपल्या गावात सध्या कर्करोगाचे उपचार घेणारे किती आणि त्यांच्यासोबत कोण जाते? ज्या गावाला याचे उत्तर देता येईल, तिथल्या रुग्णाची शेवटची केमो चुकण्याची शक्यता कमी असेल.